अकरा पंप

"तोडू की नको, एवढंच सांगा बाबा."

चिंत्याच्या हातात कोयता होता. दर्ग्याच्या ओट्यावर गफूरबाबा माळ ओढत बसले होते. खाली द्राक्षबागेत दोन दिवसांपासून फवारणी बंद होती.

"कुणाला?"

"सोमा मुकादमाला."

सोमा चिंत्याच्याच गावचा, सुरगाण्याकडचा. दर साल तोच टोळी भरून या बागांवर आणायचा. चिंत्याचा थोरला भाऊ मनिराम त्या टोळीत पाठीवर पंप घेऊन औषध मारायचा. ना तोंडाला फडकं, ना हातात मोजे. मागितलेच, तर सोमा म्हणायचा, वरातीला आलायस का नटायला? परवा दुपारी मनिराम ओळीतच खाली बसला. अंगातून घामाच्या धारा, तोंडाला फेस. सोमाने आधी उरलेली ओळ पुरी करून घेतली, मग गाडी बोलावली. गाडी दवाखान्याच्या दारात पोचली तेव्हा मनिराम थंड झाला होता. आता सोमा सांगत फिरत होता की गडी पिऊन आला होता. मनिरामने जन्मात दारूला हात लावला नव्हता.

हे सगळं चिंत्या एका दमात ओकला. बाबांनी ऐकून घेतलं. मग मोगऱ्यावर पाणी मारायचा जुना पंप पुढे ओढला.

"याचं नोझल तुंबलंय. तेवढं मोकळं करून दे. मग सांगतो."

चिंत्याच्या मस्तकात तिडीक गेली. इथे माणूस मेलाय आणि यांना मोगऱ्याची पडलीय. पण हाताला सवय होती. कोयता काखेत मारून त्याने नोझल फिरवून काढलं, ओठांत धरलं आणि जोरात फुंकलं.

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

चिंत्याच्या हनुवटीवरून पाणी ओघळलं. नुसतं पाणीच होतं...

"मनिरामही असंच करायचा?"

चिंत्याने मनगट सोडवायला पाहिलं.

बाबांनी मनगट सोडलं नाही.

"आधी नव्हता करत," चिंत्या खाली बघत म्हणाला. "तारेने टोचायचा. पंप खाली ठेवून, सावकाश. ओळ मागे राहायची, मग सोमा आयमाय काढायचा. मला सहन व्हायचं नाही. मीच एकदा..."

"काय?"

"मीच म्हणालो, दादा, म्हातारीगत काय टोचत बसलास? फुंक की."

कोयता काखेतून निसटून ओट्यावर पडला. चिंत्या तिथेच बसला. दोन दिवस त्याला रडू आलं नव्हतं. आताही आलं नाही.

बाबांनी त्याची समजूत घातली नाही. आपल्या बाहीने त्याचे ओठ पुसले, तान्ह्या पोराचे पुसतात तसे. मग पुन्हा एकदा पुसले.

"मग सोमाला सोडून देऊ?" चिंत्याने विचारलं.

बाबांनी हातातल्या माळेकडे पाहिलं. बारीक पितळी तारेत ओवलेली माळ. तिचा पीळ त्यांनी सोडवला आणि तार एका झटक्यात ओढून घेतली. मणी टपटपत पायऱ्यांवरून मातीत गेले. बाबांनी एकही उचलला नाही.

"उद्या फवारणी आहे?"

"आहे. दादाचा पंप मी घ्यायचा, असं सोमा बोललाय."

"पंप किती?"

"अकरा."

"सगळेच फुंकतात?"

"सगळेच..."

बाबांनी ती तार चिंत्याच्या मांडीवर ठेवली. ओट्यावरचा कोयता उचलला आणि त्याच्या मुठीत दिला.

"आणलायस तर चालव. हिचे अकरा तुकडे कर."