पाळण्याचे सोळा स्क्रू

एका गावात सगळ्यांचा मिळून एकच पाळणा होता, सागवानी. ज्या घरी बाळ जन्माला येई, तिथे तो सुटा करून नेत आणि गावचा सुतार जोडून देई. जुना सुतार लेकीकडे राहायला गेला, तेव्हा हे काम नव्या सुताराकडे, कोंडिबाकडे आलं.

पहिलंच बोलावणं बयजाबाईंचं. त्यांना नात झाली होती. बारशाच्या सकाळी कोंडिबाने पुरचुंडी सोडली. आत सोळा स्क्रू, दिसायला सगळे सारखेच. भराभर हात चालवून त्याने पाळणा उभा केला. शेवटचा स्क्रू मात्र भोकात नुसताच फिरत राहिला. घट्ट होईना.

"मेण भरा आणि द्या दाबून," बयजाबाईंचा मुलगा म्हणाला. "बायका यायला लागल्या."

मेण भरलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. कोंडिबाचा हात मेणाकडे गेलासुद्धा. पण त्याला राहवेना. लाकूड तर चांगलं, मग हाच सैल का? आणि मघाशी तळाचा एक बसवताना एवढा जोर का लागला?

त्याने पाळण्यात हात घालून तळफळीवर बोट फिरवलं. बोटाला टोचलं. स्क्रूचं टोक तांदळाच्या दाण्याएवढं वर आलं होतं, नेमकं बाळाची पाठ टेकते तिथे.

कोंडिबाचा चेहरा उतरला.

"बयजाबाई, माझं चुकलं. सगळं उकलून पुन्हा जोडतो. थांबाल का?"

"थांबू की. नाव काय पळून जातंय?"

त्याने सोळाही स्क्रू काढून ओट्यावर मांडले. खराट्याची काडी एकेका भोकात घालून खोली मापली आणि काडीशेजारी स्क्रू धरून पाहिला. तेव्हा कुठे दिसलं: बारा लांब होते आणि चार किंचित आखूड. आखूड ते तळफळीचे. मग प्रत्येकाला आधी बोटांनीच दोन वेढे दिले. सहज गेला, तरच हत्यार लावलं.

दुपार कलली. कोंडिबाने तळफळीवर उघडा तळहात दाबून फिरवला आणि म्हणाला, "आता घाला बाळाला."

बाळ निजलं. पाळणा कुरकुरलासुद्धा नाही.

तात्पर्य: जोर लावून बसवलेलं जुळलेलं असतंच असं नाही. अडलं तिथे थांबून कारण शोधावं, आणि आपलं चुकलेलं काम आपल्याच हाताने उकलायला लाजू नये.