गिनी कोंबड्यांचा निवारा

"मग त्यांना झाडावरच मरू द्यायचं का, बाबा?"

मठीतला चेला हिरामण हातात वेळू घेऊन उभा होता. कोंबड्यांमागे धावून धावून त्याला धाप लागली होती.

भिकनबाबा मठीच्या ओट्यावर घोंगडी पांघरून बसले होते.

सातपुड्याच्या त्या पठारावर आदल्या रात्री दव गोठलं होतं. सकाळी आंब्याखाली एक गिनी कोंबडी पडलेली सापडली. ठिपक्याठिपक्यांची पिसं जशीच्या तशी, पाय मात्र लाकडासारखे ताठ.

साप दिसला की या कोंबड्या कल्ला करतात, म्हणून बाबांनी त्या पाळलेल्या. रात्री बसायच्या झाडावरच. आज थंडी कालच्यापेक्षा जास्त होती.

हिरामणने दिवसभर खपून कुडाचा निवारा उभा केला. खाली कोरडा पेंढा घातला. बसायला रुंद फळ्या ठोकल्या, म्हणजे बोटं पोटाखाली घेऊन बसता येईल. ओल साचू नये म्हणून वर छपराशी फट ठेवली. कुठे काही कमी नव्हतं.

आता दिवस मावळत होता. कोंबड्या दाराशी येत, माना लांबवून आत बघत, आणि कलकलाट करत पळत सुटत. दोघी तर आंब्याच्या खालच्या फांदीवर चढल्याही होत्या.

"इतकं केलं यांच्यासाठी! पण अक्कल असेल तर ना. माणसांचंही असंच असतं, बाबा. भल्याचं सांगायला जावं तर पाठ फिरवतात."

"आत जाऊन पाहिलंस?"

"म्हणजे काय? मीच तर बांधलंय."

"ते उन्हात. आत्ता जा."

हिरामण वाकून आत शिरला. फळीवर डोकं आपटल्याचा आवाज आला. लगेच तो बाहेर आला.

"का रे?"

"काहीच दिसत नाही आत."

"मग?"

"मग काय... पेंढ्यात एखादं जनावर शिरून बसलं असलं तर?"

बाबांनी घोंगडी सावरली.

हिरामणने दाराशी घुटमळणाऱ्या कोंबड्यांकडे पाहिलं. मग त्याने वेळू कुडाला टेकवला, मठीतून कंदील पेटवून आणला, मूठभर बाजरी घेतली आणि पुन्हा आत गेला. कंदील आढ्याच्या तारेला अडकवून तो खाली कोपऱ्यात बसला.

कुडाच्या दारातून पिवळा उजेड अंगणात पडला.

एक कोंबडी थांबली. मान वाकडी करून तिने आत बघितलं... एक पाय टाकला. मग दुसरा. तिच्यामागून दुसरी आली. थोड्या वेळाने फांदीवरच्या दोघीही धपकन खाली उतरल्या आणि उशीर झाल्यासारख्या धावत आत शिरल्या.

फळ्यांवर थोडी ढकलाढकल झाली. मग सगळं शांत झालं.

"बाबा," आतून दबका पण फुललेला आवाज आला, "पाहिलंत ना? एकूण एक आत आणल्या मी."

बाबा उठले. बाहेरून हलकेच दार ओढून घेत म्हणाले,

"होय का? मला तर तूच आत जाताना दिसलास."