बरोबर वाक्यावरची लाल रेघ

“मग चुकलं कुठे, सर?”

लाल रेघ ओढलेली वही उमाकांतने पुढे सरकवली. तो कोल्हापूरच्या कारखान्यात इंजिनिअर. परदेशी जायची इंग्रजीची परीक्षा तोंडावर आलेली, आणि हे सत्तरीचे मुजावर सर त्याला पाचवीतल्या पोरासारखं रगडत होते.

“महिन्याला इन, तारखेला ऑन, घड्याळातल्या वेळेला ॲट. झोपेतसुद्धा सांगेन!”

“झोपेतच सांगतोस.”

सरांच्या शिकवणीचा एकच नियम होता. उदाहरणाचं वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं हवं, आणि खरं हवं. राम आंबा खातो, असलं काही चालायचं नाही.

उमाकांतने लिहिलं होतं : आय विल गो होम इन मे.

“मेला इनच लागतं ना?”

“लागतं.”

“मग?”

“मागची पानं उलट.”

मागे होतं, इन मार्च. त्याच्याही मागे, इन जानेवारी. दोन्ही महिने कधीच उलटून गेले होते.

उमाकांत वैतागला. गावी आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. मुलगा आल्याशिवाय ऑपरेशन नको, म्हणून ती हटून बसली होती. हे त्यानेच पहिल्या पानावर लिहिलं होतं, आणि आता त्याला त्याचा पस्तावा होत होता.

“परीक्षा झाली की जाणारच आहे. तुम्ही इंग्रजी शिकवा, सर. घरचं मी बघतो.”

“ऑन लावून लिही.”

त्याने दातओठ खात लिहिलं : ऑन ट्वेल्थ मे.

सरांनी त्यावरही रेघ मारली.

“आता तर ऑन आहे! तारीख आहे! अजून काय पाहिजे तुम्हाला?”

टेबलावरचा त्याचाच मोबाइल उचलून सरांनी त्याच्यापुढे धरला…

धरूनच राहिले.

शेवटी उमाकांतने घरी फोन लावला. आईने दुसऱ्या रिंगलाच उचलला.

“आई… मी बारा मेला येतोय. डॉक्टरांना तेरा तारीख सांग.”

“बारालाच न्हवं रं? शेजारच्या पोरीला कॅलेंडरावर खूण करायला लावते. मला आकडं दिसत न्हाईत.”

उमाकांतने फोन खाली ठेवला. त्याला स्वतःची लाज वाटली. मान वर करवेना.

सरांनी लाल पेनाला टोपण लावलं आणि वही त्याच्याकडे सरकवली.

“आता ॲट. किती वाजता पोहोचणार?”