दगडांचा मळा

“दगड कुठे गेले?”

बाबा मकारींनी दुसऱ्यांदा विचारलं. हिवाळाभर ते अंथरुणाला खिळून होते. आज भर उन्हाळ्यात, काठी टेकत, पहिल्यांदाच मठातून मळ्यात उतरले होते.

“वेचून काढले, बाबा,” स्ताव्रो म्हणाला. “एकट्याने.”

त्या ग्रीक बेटावरच्या मठात स्ताव्रो नवशिका होता. अंगाने बैलासारखा, आणि हट्टानेही थोडा तसाच. डोंगरउतारावरचा हा टप्पा, त्यातल्या म्हाताऱ्या द्राक्षवेलींसकट, त्याचे गुरू असलेल्या बाबांनी त्याच्या स्वाधीन केला होता. इथल्या द्राक्षांची चांगली वाइन मठातल्या चर्चच्या वेदीवर आली की त्याला दीक्षा मिळणार होती. दुसरं काही त्याला नकोच होतं.

“आणि ती भिंत?”

“त्याच दगडांची. आता शेळ्या आत येत नाहीत. येणारेजाणारे थांबून बघतात.”

तो शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

बाबा भिंतीकडे वळलेच नाहीत. ते एका वेलीची पानं चाचपत होते. पानांच्या कडा करपून आत वळल्या होत्या.

“उन्हाने झालंय,” स्ताव्रो घाईने म्हणाला. “पाणी घालतो.”

“कुठलं?”

उन्हाळाभर त्या बेटावर पाऊस नसतो. मठात एकच विहीर, आणि ती पिण्यापुरती.

“आमच्या गव्हाच्या मुलखात,” तो जरा चिडून म्हणाला, “दगड वेचल्याशिवाय कुणी नांगर धरत नाही.”

“हं…”

बाबा खाली बसले. वेलीच्या बुंध्याशी एक सपाट दगड तेवढा राहून गेला होता. तो त्यांनी उलटला, स्ताव्रोचा हात धरला आणि तळवा त्या जागी टेकवला.

माती गार होती. ओलसर होती.

मग तोच तळवा त्यांनी वीतभर पलीकडे, उघड्या मातीवर टेकवला. स्ताव्रोने हात झटकन मागे घेतला.

“दगड दिवसभर ऊन अंगावर घेतात,” बाबा म्हणाले, “आणि पोटाखाली ओल राखतात. रात्री समुद्रावरून गार वारा आला की उन्हाची ती ऊब घडांना देतात. आपण वाइनमधून पितो ते हेच.”

स्ताव्रोचं तोंड एवढंसं झालं. वेलींची त्याला दया आली, हे खरं. पण भिंतीची त्याहून जास्त आली.

“खालच्या कोरड्या ओढ्यातून दुसरे दगड आणतो. भिंत राहू द्या.”

बाबांनी दूर खाली ओढ्याकडे पाहिलं, मग करपलेल्या वेलींकडे.

“भिंत मोडली तर मठातले सगळे हसतील, बाबा.”

“हसतील.”

“आणि दगड परत नाही टाकले… तर?”

बाबांनी करपलेलं एक पान खुडलं आणि त्याच्या हातात ठेवलं.

स्ताव्रोने ते पान कमरपट्ट्यात खोचलं. मग भिंतीपाशी गेला आणि सगळ्यात वरचा, सगळ्यात देखणा दगड उचलून पहिल्या वेलीच्या बुंध्याशी आणून ठेवला. पुन्हा गेला. दुसरा आणला.

दुपार कलली. बोटं सोलवटली. वाटेवरून जाणारे दोन साधू थांबले, हसले आणि पुढे गेले. त्याने मान वर केली नाही. भिंत कमरेइतकी उरली होती, आणि वेलींच्या निम्म्या रांगा अजून उघड्याच होत्या.

“या वर्षी काही चांगली वाइन होत नाही,” तो धापा टाकत म्हणाला. डोळे भरून आले होते, ते त्याने लपवले नाहीत. “माझी दीक्षा राहू द्या. पुढच्या वर्षी… नाहीतर त्याच्या पुढच्या. पण यातली एकही वेल मी मरू देणार नाही.”

त्याने वळून पाहिलं.

काठी जमिनीवर पडली होती. वाकलेल्या पाठीचे बाबा मकारी दोन्ही हातांनी एक दगड छातीशी धरून, पाऊल चाचपत, वेलींकडे निघाले होते.

स्ताव्रो धावला.

“द्या इकडे, बाबा. तुम्ही सावलीत बसा. चूक माझी आहे.”

बाबांनी दगड सोडला नाही.

“चूक तुझीच आहे,” ते म्हणाले. “तहान वेलींची आहे. सरक बाजूला…”