आवडायचं घर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा समुद्र माणसांशी बोलत असे आणि माणसंही त्याला उत्तर देत. त्या काळी खारवण्यात आवडाय नावाची एक बाई होती. नारळाची सोडणं खाडीत कुजवायची, कुटायची आणि निघालेल्या काथ्याचं सुंभ वळायची. तिच्या हातचं सुंभ होडी फुटली तरी तुटत नसे, असं म्हणतात.

गाव आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूचा उंच बांध होता, आणि त्या बांधाला गावाने सरळ खिंड पाडली होती. होड्या ओढायला ती बरी पडे, पण खरं कारण देवीचं. देवळात बसल्या बसल्या आईला समुद्र दिसला पाहिजे, तिची नजर होड्यांवर राहिली पाहिजे, अशी गावाची समजूत. आता देवीची नजर अडवायची कुणाची छाती?

एका वैशाखात मोठं तुफान आलं. त्याच सरळ खिंडीतून समुद्र आत शिरला आणि त्याच्या वाटेत पहिलं लागलं ते आवडायचं घर. घर गेलं, नवरा भिवा गेला, पाळण्यातली मुलगी पाळण्यासकट गेली. आवडाय खाडीवर होती म्हणून वाचली. वाचल्याचंच तिला फार दुःख होतं.

बाकीच्यांनी आपापली घरं पुन्हा उभी केली. आवडाय मात्र देवळात गेली आणि गुरवाला म्हणाली, देवीला कौल लाव. आमच्याकडे ओल्या पाकळ्या देवीच्या अंगावर लावून प्रश्न विचारतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

"आये," आवडाय म्हणाली, "तुका समुद्र बघूचो आसा, ता खरा. पण समुद्रान तुका बघल्यान, तर चलात काय?"

असा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. गुरवाने पाकळ्या लावल्या. आणि डावी पाकळी पडली.

गावाचा मानकरी होता बाबल गावकर. तो म्हणाला, "फूल वाऱ्यान पडला."

"मगे वाऱ्याचा तरी आयका," आवडाय म्हणाली.

पण ऐकतो कोण! मग तिने एकटीनेच खाडीकाठच्या केवड्याच्या फांद्या आणून खिंडीत रोवल्या. एक रांग उजवीकडून, पुढची डावीकडून, मधून होडी जाईल एवढी जागा. सरळ धाग्यात बळ नसतं, पीळ दिल्यावर येतं, हे तिला तिच्या हातांनी शिकवलं होतं. तिने वाटेलाच पीळ दिला. वळणावळणावर होड्या वळवताना लोक शिव्या घालत. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते हेच, असं बायका विहिरीवर बोलत.

बाबलने केवडा तोडायला माणसं पाठवली. पण केवड्यात नाग असतो हे कोणाला ठाऊक नाही? आधी तू हात घाल, आधी तू, असं करत ती माणसं जेवायच्या वेळेला घरी परतली. अशा रीतीने गावाच्या भित्रेपणावर केवडा वाढला. त्याच्या मुळांशी वाळू साठत गेली. आवडाय राहायची तिथेच, माडाच्या चार विणलेल्या झापांच्या आडोशाला. कुणी विचारलं, "आवडाय, घर कदी बांधतलंस?" तर ती म्हणायची, "बांधतंय मां."

असं म्हणतात, की तिचे केस पांढरे झाले तेव्हा तेच तुफान तिला शोधत परत आलं. माड जमिनीला टेकले. सगळं गाव देवळाच्या चढावर जमलं आणि म्हातारा बाबल नातवंडांना कवटाळून बसला. आवडाय मात्र सुंभाचं भेंडोळं घेऊन केवड्यात जाऊन बसली. समुद्र खिंडीत शिरला, पण त्याला समोर गाव दिसेना.

"गाव खंय?" त्याने विचारलं.

"वळान घे, बाबा," आवडाय म्हणाली.

तो वळला. पुढे पुन्हा केवडा. त्याने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं. वळणागणिक त्याचा आवाज बसत गेला, फेस केवड्याच्या काट्यांना लटकून राहिला. शेवटच्या वळणावर तो दमून म्हणाला, "तुझा घर तरी खंय? थंय बसतंय जरा."

"माझ्या घरातच आसस तू," आवडाय म्हणाली. "आता माझा चेडू दी."

समुद्र ओशाळला. पाळण्यातलं ते मूल त्याच्यापाशीच होतं, पण खोल तळाशी गाढ निजलं होतं. "तेका उठवू नको," तो म्हणाला. "तूच चल."

मग तो तिचा हात धरून एकेक वळण मागे मागे गेला.

सकाळी गाव खाली उतरलं. छपरं उडाली होती, पण एक आवडाय सोडली तर माणूस एकही गेलं नव्हतं. केवडा अर्धा मोडला होता आणि झाडाझाडाला आवडायचं सुंभ बांधलेलं होतं. बाबलच्या घरावर कौल उरलं नव्हतं. तरी त्याने तिकडे न जाता केवड्याची एक मोडकी फांदी उचलली आणि वाळूत रोवली.

"आधी आवडायचा घर," तो म्हणाला. "मगे आपला."

आजही खारवण्यात देवळातून समुद्र दिसत नाही. वर्षातून एकदा देवीची पालखी त्या वाटेने नेऊन तिला समुद्र दाखवतात आणि भोई प्रत्येक वळणावर म्हणतात, वळान घे, बाबा. आणि तुफान होऊन गेलं, की डोक्यावर छप्पर असो नसो, घरटी एक माणूस आधी केवडा लावायला जातो. तिथे कुणी मोठ्याने बोलत नाही. मूल निजलेलं आहे.