उधाण आणि घागर

खाडीच्या तोंडाशी एक कोळीवाडा होता. तिथे लखमा नावाचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, राहत असे. पाण्याचा रंग पाहून तो मासळी कुठे आहे ते सांगायचा. हात कष्टाळू, मन दिलदार. खोट एकच, त्याचा राग. राग आला की तो हाताला लागेल ते भिरकावायचा, आणि राग ओसरला की म्हणायचा, "माझा काय इलाज? आज पौर्णिमा. एवढ्या मोठ्या समुद्राला चंद्र उधाण आणतो, मग माझ्या रक्ताला आणणार नाही?"

कोळीवाड्याला हे पटायचं, कारण उधाण सगळ्यांनी जन्मापासून पाहिलेलं. पौर्णिमा आली की पुरुष होड्या वर ओढून ठेवत आणि बायका लखमाच्या वाटेतून पोरांना घरात ओढून घेत. पुढे लखमाच्या सबबीत अमावास्याही आली, कारण उधाण तेव्हाही येतं. मग चतुर्दशी, कारण पौर्णिमा जवळ आलेली. मग प्रतिपदा, कारण ती नुकतीच गेलेली. चंद्र बिचारा सगळं मुकाट्याने ऐकून घेत होता.

एका पौर्णिमेला कालवणात मीठ कमी पडलं. लखमाने ताट भिरकावलं, ते त्याच्या बायकोच्या, येसूच्या मनगटावर बसलं. हात सुजला. आठ दिवस तिला मासळीची पाटी उचलता आली नाही. शेजारची भागी हळदीचा लेप लावता लावता म्हणाली, "मनावर घेऊ नकोस गं. त्याचा दोष नाही, तिथीचा आहे."

येसूने मनाशी काही ठरवलं, आणि तिने एकदा ठरवलं की ठरवलं.

पुढच्या पौर्णिमेला सकाळी, ओहोटी असताना, तिने खाडीच्या पाण्याने पितळी घागर गळ्यापर्यंत भरली आणि अंगणात आणून ठेवली. आत पाणी जिथे टेकलं होतं तिथे तिने बोटाने चुन्याची रेघ ओढली. घागरीशेजारी आपल्या लुगड्यांचं गाठोडं ठेवलं.

"हे काय?" लखमाने विचारलं.

"खाडीचंच पाणी आहे. दुपारी भरती येईल. हे पाणी रेघेच्या वर चढलं, तर मी जन्मात पुन्हा तुमच्या रागाबद्दल चकार शब्द काढणार नाही. नाही चढलं, तर राग चंद्राचा नाही, तुमचा. मग आज काही फेकलंत, तर हे गाठोडं घेऊन मी माहेरी जाईन."

लखमा हसला. "समुद्र चढतो आणि हे चढणार नाही? बस बघत." आणि तो स्वतःच घागरीपाशी राखणीला बसला.

दुपारी उधाण आलं. होड्या बांधायचे खुंट बुडाले. पाणी अंगणाच्या शेवटच्या पायरीला लागलं. सगळा कोळीवाडा घागरीभोवती जमला. घागरीतलं पाणी मात्र रेघेवर होतं, केसभरही वर नाही. लखमाने वाकून पाहिलं. पुन्हा दुसऱ्या बाजूने पाहिलं.

"काय रे तांडेल," भागी म्हणाली, "तुझ्या अंगात काय समुद्र भरलाय?"

लोक हसले. लखमाच्या डोक्यात सणक गेली आणि त्याने घागरीला लाथ घातली. घागर गडगडत पायरीपर्यंत गेली. तिला पोचा पडला. पाणी सगळ्या अंगणात पसरलं.

येसूने गाठोडं उचललं. "चंद्राला घागरभर पाणी हलवता आलं नाही. तुम्ही एका लाथेत सांडलंत." एवढं बोलून ती चालू लागली.

गर्दीतून कुणीतरी सवयीने म्हणालं, "पौर्णिमा आहे ना, म्हणून..."

"गप्प बसा," लखमा म्हणाला. "लाथ मी मारली."

त्याला फार लाज वाटली. त्याने पोचा पडलेली घागर रेघेपर्यंत भरून दाराशी ठेवली आणि रोज तिच्यातलं पाणी बदलू लागला. राग काही पळून गेला नाही. आता लक्ष ठेवल्यावर त्याला कळलं की तो अष्टमीलाही येतो, समुद्राला उधाण नसतं तेव्हा. राग आला की तो घागरीपाशी जाऊन उभा राही आणि पाण्याकडे पाहत राही. एकदा त्याने वल्हं उचललंच होतं, पण ते खाली ठेवलं.

येसू गेल्यानंतरच्या तिसऱ्या पौर्णिमेला, ऐन उधाणात किनाऱ्यावरून जाळं ओढताना एका सोबत्याचा हात सुटला. नवं कोरं जाळं खडकात अडकून उभं फाटलं. बायकांनी पोरांना घरात ओढलं. लखमाच्या मुठी वळल्या. तो तडक घरी गेला. घागरीशी बराच वेळ उभा राहिला. मग सुई आणि दोरा घेऊन किनाऱ्यावर परत आला.

"हाताला लागलं तर नाही ना रे?" त्याने सोबत्याला विचारलं आणि तो जाळं सांधायला बसला.

ही गोष्ट येसूच्या माहेरी पोचली. आठ दिवसांनी ती आली. आधी तिने घागरीत डोकावून पाहिलं. पाणी रेघेवर होतं. ती घरात शिरली आणि तिने गाठोडं दाराजवळच्या खुंटीला तसंच बांधलेलं अडकवलं.

लखमाने ते पाहिलं. "असू दे बांधलेलं," तो म्हणाला. "येता-जाता मला दिसत राहील."

तात्पर्य: समुद्र चंद्राचं ऐकतो, कारण त्याला स्वतःचं मन नाही. ज्याला मन आहे, त्याने आपल्या रागाचा दोष आभाळावर टाकू नये; तो आपला मानावा आणि आपणच आवरावा.