पहिलवानाचे गाल

हरभऱ्याच्या एका शेतात, बांधाखालच्या बिळांमध्ये हॅमस्टरांचं एक गाव होतं. गावची रीत अशी, की ज्याचं अंग सगळ्यांत पीळदार, त्याने बिळाच्या तोंडाशी पहारा द्यायचा आणि मांजर दिसलं की ओरडायचं. त्याच्या भरवशावर बाकीचे निर्धास्त दाणे वेचायचे.

यंदा पहाऱ्यावर होता एक पहिलवान. त्याचे गाल असे टरारलेले, की दंडांकडे कोणाचं लक्षच जाऊ नये. तो कोणाशी बोलत नसे, नुसता हुंकार देई. एवढा मोठा पहिलवान बडबड कशाला करील, असं म्हणून म्हातारेसुद्धा मान डोलवत.

त्याच गावात एक बारकीशी मुलगी होती. तिला साऱ्या जगाच्या चौकशा. गालाला स्नायू येतात तरी कसे, हे तिला कळेना. तिने जोर काढले, बैठका मारल्या, तालमीतल्या चाकात ती धाप लागेपर्यंत धावली. पाय काटक झाले, गाल मात्र होते तसेच. शिवाय पहिलवानाचे स्नायू झोपून उठल्यावर चपटे आणि न्याहारीनंतर टम्म कसे, हाही प्रश्न होताच.

शेवटी एकदा धीर करून तिने विचारलं, "दादा, गालांसाठी कोणता व्यायाम करता?"

पहिलवान उत्तर देणार कसा? गालांत स्नायू कुठले, हरभरेच कोंबलेले होते. तेवढ्यात त्याला तिच्या पाठीमागे दबा धरून बसलेलं मांजर दिसलं. ओरडायचं तर तोंड रिकामं करायला हवं, आणि समोर सारं गाव. त्याने "हं, हं" करून पाहिलं. बारकीला वाटलं, हाच तो व्यायाम. ती आणखी जवळ येऊन निरखू लागली.

मांजराने अंग आकसलं. पहिलवानाला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं, तरी त्याने डोळे मिटून फुर्रकन सगळे हरभरे बाहेर उडवले.

"पळा, मांजर आलं!"

बारकीने काटक पायांनी बीळ गाठलं. बाकीचेही आत शिरले, सर्वांत शेवटी पहिलवान. मांजर हात हलवत निघून गेलं.

आत सगळे त्याच्या चपट्या तोंडाकडे बघत राहिले. त्याने मान खाली घातली. "बघितलंत ना? माझ्या अंगात काही नाही. उद्यापासून दुसऱ्या कोणाला बसवा."

बारकीने थोडा विचार केला. "दादा, आपल्याला ओरडणारा पहारेकरी हवा. तुम्हीच बसा. बैठका मी शिकवते."

तेव्हा बाळांनो, तात्पर्य एवढंच: खोटा डौल सोडायला जी ताकद लागते, तीच खरी.